रसाच्या ग्लासातून येणारा आजार : ब्राझीलचा धडा आणि आपली रसवंती



१४ एप्रिल ही तारीख आपल्या घरात कुणाला वेगळी सांगावी लागत नाही. त्या दिवशी मिरवणुकीच्या वाटेवर जागोजागी मंडप लागतात, पिंपांत सरबत कालवले जाते, उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात ग्लासभर थंड काहीतरी दिले जाते. याच तारखेला २०२० सालापासून जगभर आणखी एक दिवस पाळला जातो. तो म्हणजे जागतिक शागास दिन. दोन्ही दिवस एका तारखेला येणे हा योगायोग आहे. पण शागास हा आजार उसाच्या रसातून आणि फळांच्या रसातूनही पसरतो, हे कळले की आपले कान टवकारले जातात. कारण रस आणि सरबत आपल्या वस्तीत लहान लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळेच पितात, आणि त्या गाड्यांवर आपल्यातल्याच कितीतरी घरांची चूल पेटते.

आधीच एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे कुणी घाबरणार नाही. शागास हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला आजार आहे. आपल्या रसवंतीवर रस पिऊन तो होत नाही. मग तो समजून का घ्यायचा? कारण घाण रसात कशी शिरते, बर्फाने काय होते आणि काय होत नाही, आणि गरिबाचा धंदा न बुडवता रस सुरक्षित कसा करता येतो, हे सगळे त्या देशांनी मोठी किंमत मोजून शिकले आहे.

शागास म्हणजे काय?

परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्याच जिवावर जगणारा जीव. पोटातले जंत परजीवी, आमांशाचा अमिबा परजीवी, मलेरियाचा जंतूही परजीवी. शागासचा परजीवी डोळ्यांना न दिसणारा, शेपटीसारखा धागा असलेला आहे. त्याचे नाव ट्रिपॅनोसोमा क्रुझी.

१९०९ साली ब्राझीलमधल्या लासान्स नावाच्या छोट्या गावात कार्लोस शागास हे डॉक्टर रेल्वेच्या मजुरांमधला मलेरिया आटोक्यात आणण्यासाठी राहिले होते. तिथल्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या घरांच्या भेगांत एक रक्त पिणारा किडा राहत असे. तो दिवसा भिंतीत लपून बसे आणि रात्री झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्याला चावे. चेहऱ्यावर चावतो म्हणून तिथले लोक त्याला आपल्या भाषेत ‘न्हावी’ म्हणत. शागास यांना या किड्याच्या आतड्यात तो परजीवी सापडला. नंतर प्राण्यांच्या रक्तात सापडला आणि १४ एप्रिल १९०९ रोजी बेरेनिस नावाच्या दोन वर्षांच्या तापाने फणफणलेल्या मुलीच्या रक्तात दिसला. म्हणूनच या दिवसासाठी ही तारीख निवडली गेली. बेरेनिस पुढे सत्तरी ओलांडेपर्यंत जगली.

तो किडा आपल्या ढेकणापेक्षा बराच मोठा असतो. आपल्याकडच्या ढेकणांमुळे हा आजार पसरत नाही, हेही लक्षात ठेवा.

जगात आजही सुमारे ६० ते ७० लाख लोकांच्या शरीरात हा परजीवी असल्याचा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांना ते माहीतच नसते. सुरुवातीचा ताप ओसरतो, माणूस कामाला लागतो आणि परजीवी मात्र वर्षानुवर्षे शरीरात दबा धरून राहतो. पुढे दहा-वीस वर्षांनी दर दहांतल्या दोन-तीन जणांचे हृदय निकामी होऊ लागते. काहींची अन्ननलिका किंवा मोठे आतडे फुगते. भेगाळलेल्या भिंतीच्या घरात कोण राहतो? शेतमजूर राहतो. म्हणून हा आजार शंभर वर्षे गरिबाच्या घरातच राहिला, आणि त्याच्यावरच्या औषधांच्या संशोधनातही फार कुणी पैसा घातला नाही.

किड्यातून रसात कसा येतो?

डास चावला की मलेरियाचा जंतू त्याच्या लाळेतून आपल्या रक्तात जातो. या किड्याचे तसे नाही. परजीवी त्याच्या लाळेत नसतो, विष्ठेत असतो. किडा चावतो आणि तिथेच हगतो. माणूस झोपेत खाजवतो आणि ती घाण जखमेत किंवा डोळ्यात जाते.

एकदा हे समजले की पुढचे कोडे आपोआप सुटते. जो जंतू विष्ठेत आहे, तो अन्नावर पडला तर तोंडातूनही जाणारच. रानात ताडामाडाच्या जातीच्या झाडांवर हे किडे राहतात. फळे तोडून टोपलीत भरली की त्यांच्याबरोबर किडेही येतात. रात्री दिवा लावून रस काढायला बसले की उजेडाकडे किडे उडत येतात. उसाच्या मोळीत एखादा किडा लपलेला असतो. तो यंत्राच्या रुळांत उसाबरोबर चिरडला जातो आणि त्याच्या पोटातले सगळे रसात उतरते. रसाचा रंग बदलत नाही, वास येत नाही, चवही तीच राहते.

आणखी एक वाट आहे. तिथे ओपोसम नावाचा, मांजराएवढा, पिलांना पोटाच्या पिशवीत वाढवणारा निशाचर प्राणी असतो. त्याच्या गुदद्वाराजवळच्या ग्रंथींतही हा परजीवी वाढतो. रात्री उघड्या पडलेल्या उसावर किंवा भांड्यावर हा प्राणी फिरून गेला, तरी रस दूषित होऊ शकतो.

तीन घटना

पहिली घटना १९८६ ची. ब्राझीलच्या पाराइबा राज्यातल्या एका शेतावर लोक जमले होते. तिथे उसाचा रस दिला गेला. त्यानंतर २६ जण तापाने आजारी पडले.

दुसरी २००५ ची, ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या सांता कातारिना राज्यातली. तिथे समुद्रकिनाऱ्याच्या बाजूने मोठा हमरस्ता जातो. फेब्रुवारी महिना तिकडे कडक उन्हाळ्याचा. रस्त्याकडेच्या एका रसाच्या टपरीवर गाड्या थांबत, प्रवासी रस पीत आणि पुढे जात. काही दिवसांनी वेगवेगळ्या गावांतले लोक ताप, अंगदुखी, कावीळ घेऊन दवाखान्यात येऊ लागले. आधी डॉक्टरांना दुसऱ्याच तापांचा संशय आला. मग रक्तात परजीवी दिसला. सुमारे दोन डझन लोकांना आजार झाल्याचे नक्की झाले आणि त्यांतले किमान तीन जण दगावले. टपरीच्या आसपास बाधित किडे सापडले. त्या राज्यात उसाच्या रसाची विक्रीच काही काळ बंद करावी लागली.

तिसरी घटना डिसेंबर २००७ ची, व्हेनेझुएला देशाची राजधानी काराकास इथली. एका शाळेत मुलांना पेरूचा रस दिला जात असे. तो रस शहराच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरउतारावरच्या गरीब वस्तीतल्या एका घरात आदल्या रात्री करून ठेवला जाई. सुमारे १००० विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांची तपासणी केली तेव्हा १०३ जण बाधित निघाले. बहुतेकांना लक्षणे होती, अनेकांच्या हृदयाच्या आलेखात बिघाड दिसला, आणि पाच वर्षांचे एक लेकरू गेले.

तिन्ही घटनांत प्यायला दिलेला रस कच्चा होता, म्हणजे उष्णता न दिलेला. काराकासमध्ये तर तो रात्रीचा करून ठेवलेला होता.

पोटातून गेलेला जंतू जास्त घातक का?

किडा चावल्यावर थोडीशी घाण आत जाते. पण अख्खा किडा रसात चिरडला गेला तर एका ग्लासात परजीवींची फौजच असते. जठरातल्या आम्लात ते मरत नाहीत, उलट जठराच्या आतल्या अस्तरातूनच शरीरात शिरतात. साधारण ३ ते २२ दिवसांत सतत राहणारा ताप सुरू होतो. चेहरा आणि पाय सुजतात, पोट दुखते, उलट्या होतात, धाप लागते. काहींच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि मृत्यू होतो तो मुख्यतः त्यामुळेच.

दिलासा एवढाच की लवकर ओळखला तर उपचार आहे. बेंझनिडाझोल आणि निफर्टिमॉक्स ही दोन औषधे सुरुवातीच्या काळात दिली तर जवळजवळ सगळे रुग्ण बरे होतात. ब्राझीलच्या ॲमेझॉन भागात यासाठी एक शहाणपणाची गोष्ट केली गेली. तिथे तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या रक्ताची मलेरियासाठी स्लाइड घेतली जाते. ती स्लाइड तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांनाच शागासचा परजीवी ओळखायला शिकवले. नवे यंत्र नाही, नवी इमारत नाही. गावपातळीवरच्या माणसाच्या डोळ्यांना एक जास्तीची ओळख करून दिली, एवढेच. नर्स म्हणून मला या साऱ्या कहाणीत ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

बर्फाने मरत नाही, उष्णतेने मरतो

आपल्याकडे घरोघर एक समज आहे की थंडगार केले, फ्रीजमध्ये ठेवले म्हणजे जंतू मेले. हा समज चुकीचा आहे. फ्रीजमधल्या थंडीत शागासचा परजीवी काही दिवस जगतो. गोठवलेल्या फळांच्या गरातही तो दिवसभर तग धरतो, असे ब्राझीलच्या संशोधकांनी प्रयोगात पाहिले आहे. थंडीने बहुतेक जंतू झोपतात, मरत नाहीत. उष्णता मात्र त्याला सोसत नाही.

याच ज्ञानावर ब्राझीलच्या पारा राज्याने उपाय उभा केला. तिथे आसाई नावाच्या ताडवर्गीय झाडाला जांभळासारखी काळपट फळे येतात. ती पाण्याबरोबर यंत्रात घुसळून दाट रस काढतात. मासे आणि कसाव्याच्या पिठाबरोबर तो रस हे तिथल्या गोरगरिबांचे रोजचे जेवण आहे. आज ब्राझीलमध्ये शागासच्या नव्या रुग्णांतले बहुसंख्य याच भागातले असतात आणि बहुतेकांना लागण अन्नातूनच होते. ऑगस्ट ते नोव्हेंबर या आसाईच्या हंगामात रुग्ण वाढतात.

मग आसाईवर बंदी घालायची का? तसे केले असते तर लाखोंच्या ताटातले अन्न गेले असते आणि गल्लोगल्लीच्या हजारो छोट्या विक्रेत्यांची रोजीरोटी गेली असती. पारा राज्याने २०१२ मध्ये वेगळा नियम केला. फळे निवडायची, चाळायची, क्लोरीनच्या पाण्यात ठेवायची, धुवायची आणि मग ८० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात १० सेकंद बुडवून लगेच गार करायची. त्यानंतरच यंत्रात घालायची. फक्त १० सेकंद! चव टिकते, रंग टिकतो आणि परजीवी मरतो. विक्रेत्यांना याचे प्रशिक्षण दिले गेले. सगळीकडे नियम पाळला जातो असे नाही, म्हणून रुग्ण अजून सापडतात. पण वाट बरोबर आहे. विक्रेत्याला हुसकावून लावण्यापेक्षा त्याला शिकवणे आणि त्याच्या हातात साधन देणे चांगले.

महाराष्ट्राशी एक खरा धागा

शागासचा परजीवी आपल्याकडे नाही, पण त्याचा एक चुलतभाऊ आहे. गुराढोरांना, घोड्या-उंटांना ‘सर्रा’ नावाचा आजार होतो, तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या परजीवीमुळे. चावणाऱ्या माश्या तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. माणसाला तो होत नाही, असेच समजले जात होते. पण २००४-०५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा ताप काही केल्या जाईना. त्याच्या रक्ताच्या स्लाइडमध्ये हा परजीवी दिसला. भारतातली ही माणसातली पहिलीच नोंद ठरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरामिन हे औषध देऊन त्याला बरे केले गेले. पुढे तपासात कळले की या परजीवीला मारणारे जे प्रथिन जवळजवळ सगळ्यांच्या रक्तात असते, ते त्याच्या रक्तात नव्हते. म्हणजे इतरांनी घाबरण्याचे कारण नाही. पण धडा तोच: ताप उतरत नसेल तर रक्ताची स्लाइड पुन्हा पुन्हा, नीट बघितली पाहिजे.

आपल्या ग्लासातून काय येते?

शागास नाही, पण कावीळ येते, विषमज्वर म्हणजे टायफॉइड येतो, पटकी येते, आमांशाचा अमिबा आणि जिआर्डिया येतात, जंतांची अंडी येतात. यांतले बहुतेक उसाच्या आतून येत नाहीत. ते पाण्यातून, बर्फातून, हातांतून, न धुतलेल्या पुदिन्यातून आणि ज्या बादलीत शंभर ग्लास बुचकळले त्या बादलीतून येतात. ज्या वस्तीत नळ आणि गटार शेजारी शेजारी, पाणी दिवसाआड आणि शौचालय सामायिक, तिथे हा धोका आपोआप वाढतो. त्यासाठी पालिकेकडे चांगल्या पाण्याची मागणी आपण करत राहायची. पण पाणी येईपर्यंत लेकरू आजारी पडू नये, हेही बघायचे.

एक गोष्ट नीट समजून घ्या. क्लोरीनच्या गोळीने पटकी-टायफॉइडचे जंतू मरतात. पण अमिबाचे आणि जिआर्डियाचे कवच असलेले रूप, तसेच जंतांची अंडी, नेहमीच्या क्लोरीनला सहसा दाद देत नाहीत. पाणी खळखळून उकळले की ही सगळी मरतात. म्हणून लहान मुलांसाठी, गरोदर बाईसाठी आणि आजारी माणसासाठी उकळलेलेच पाणी वापरा.

रसवंती किंवा सरबताची गाडी चालवणाऱ्यांसाठी

• ऊस जमिनीवर टाकू नका. फळीवर उभा ठेवा आणि रात्री झाका. उंदीर, घुशी, झुरळे रात्रीच फिरतात.
• ऊस आधी तासा, मग स्वच्छ पाण्याने धुवा, मगच यंत्रात घाला. कुजलेली, लाल पडलेली कांडी फेकून द्या.
• रात्री धंदा बंद करताना यंत्राचे रूळ, गाळणी आणि पातेले गरम पाण्याने धुवा. सकाळी पुन्हा एकदा धुवा. चिपाडाचा ढीग गाडीजवळ साचू देऊ नका, माश्या तिथेच बसतात.
• रस गिऱ्हाइकासमोर काढा आणि लगेच द्या. काढून ठेवलेला रस विकू नका.
• लिंबू, आले, पुदिना वाहत्या पाण्याखाली धुवा. पुदिन्याचे एकेक पान सुटे करून धुवा.
• बर्फ खाण्याचाच घ्या. महाराष्ट्रात २०१८ पासून मासळी वगैरे टिकवण्याच्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम आहे. निळसर बर्फ पोटात घालायचा नाही. शंका असेल तर बर्फ ग्लासात न टाकता भांड्याच्या बाहेरून लावून रस गार करा.
• पैसे घेणारा हात आणि रस देणारा हात वेगळा ठेवा. घरातले दोघे मिळून गाडी चालवत असतील तर हे सहज जमते.
• जुलाब, कावीळ असताना गाडीवर उभे राहू नका. त्या दिवसांत घरातल्या दुसऱ्याने काम बघावे.

मंडळांनी सरबत वाटताना

• सरबत आदल्या रात्री कालवून ठेवू नका. पाणी आदल्या रात्री उकळून झाकून ठेवा, सरबत सकाळी करा.
• पाणी फार लागते आणि सगळे उकळणे शक्य नसते, तेव्हा टँकरच्या पाण्यात पाकिटावर लिहिल्याप्रमाणे क्लोरीनच्या गोळ्या टाका आणि अर्धा तास थांबा. लहान मुलांसाठी उकळलेल्या पाण्याचे पिंप वेगळे ठेवा.
• तोटी असलेले, झाकणाचे पिंप वापरा. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवा आणि ते एकाच माणसाच्या हाती द्या. पिंपात ग्लास बुडवायचा नाही, हे मुलांना आधीच बजावा.
• वाटणाऱ्यांसाठी साबण आणि पाणी मंडपातच ठेवा.

घरच्यांनी दवाखाना केव्हा गाठायचा?

ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही. डोळे किंवा लघवी पिवळी झाली. शौचातून रक्त पडले. उलट्यांमुळे पाणीही टिकत नाही. लेकरू मलूल झाले, डोळे खोल गेले, सहा-सात तासांत लघवी झाली नाही. चेहरा किंवा पाय सुजले, धाप लागली, तर थांबू नका. जुलाब लागताच ओआरएस सुरू करा. आशाताईकडे ते मिळते. सहा महिन्यांपुढच्या मुलांना झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते. जुलाब थांबले तरी ती मध्येच बंद करायची नाही. अंगणवाडीत आणि शाळेत जंतनाशक गोळीचा दिवस असतो, त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका.

दवाखान्यात गेल्यावर मागच्या दोन-तीन आठवड्यांत बाहेर काय खाल्ले-प्यायले, कुठल्या गावाला जाऊन आलात, घरात आणखी कोण आजारी आहे, हे न विचारता सांगा. सांता कातारिनात वेगवेगळ्या गावांतले रुग्ण एकाच टपरीवर रस प्यायले होते, हे अशाच विचारपूस करण्यातून उघड झाले. आपल्या वस्तीत एका आठवड्यात चार घरी कावीळ दिसली, तर ते चार वेगळे आजार समजू नका. आशाताईला किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवा आणि पाण्याचा नमुना तपासायला लावा. तो आपला हक्क आहे.

आणि असा प्रसंग आलाच, तर कुणाची गाडी उलथवू नका. त्या गाडीवाल्याच्या घरीही लेकरे आहेत आणि ती तोच रस पितात. त्याला पाणी कुठून येते ते विचारा, बर्फ कुठून आणतो ते विचारा आणि वरची यादी त्याला वाचून दाखवा. मंडळाकडे थोडे पैसे असतील तर तोटीचे एक पिंप त्याला घेऊन द्या. वस्तीतली सगळी मुले त्याच गाडीवर येतात, तेव्हा तो खर्च सगळ्यांच्याच कामी येईल.